निळ्या पुठ्ठ्यामागची गाणी

मी एक तीन कड्यांची, काळी, जाडजूड फाइल बोलतेय. गाण्याशी माझा जन्मापासूनचा संबंध वगैरे काही नाही. अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या गावात रॉजर हॉल्मग्रेन यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं बर्फ उपसायच्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या पोटात घेऊन मी सहा वर्षं काढली. पुढे त्या याद्या कॉम्प्युटरवर गेल्या आणि मी बेकार झाले. रॉजर मला कचऱ्यात टाकणार, एवढ्यात त्यांच्या मुलीनं, ब्रिटानं, मला झडप घालून उचललं.

"डॅड, ही मला हवी. गाण्यांसाठी."

"अगं, तिला ग्रीजचा वास येतोय."

"येऊ दे. कडी बघ ना किती घट्ट आहेत!"

माझं असं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच कुणी केलं होतं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

तिनं माझ्या पोटात मधोमध एक निळा पुठ्ठा घातला. त्याच्या पुढे इटालियन आणि जर्मन गाणी. ती चर्चच्या कॉयरच्या मिसेस टॉर्व्हिक शिकवायच्या. पाय रोवून उभं राहायचं आणि माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा, असं ते गाणं. पुठ्ठ्याच्या मागे म्युझिकलची गाणी. म्हणजे तुमच्या संगीत नाटकासारखं हो, पण नाचत, बोलत, खणखणीत आवाजात गायचं. मिसेस टॉर्व्हिक पुठ्ठ्यापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. "ते जरा वेगळं आहे, नाही?" एवढंच म्हणायच्या. आमच्याकडे 'वेगळं आहे' याचा अर्थ 'मला मुळीच आवडलेलं नाही' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आमची माणसं तशी फार गोड. पण सरळ बोलतील तर शपथ! प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे जमतात, तिथं कॉफीबरोबर लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, असतात. ट्रेमधला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. एकजण त्यातला अर्धा कापून घेतो, दुसरा उरलेल्यातला अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ट्रेमध्ये सुकत पडतो. समोरच्याला अवघड वाटेल असा प्रश्न विचारणं म्हणजे तो शेवटचा तुकडा उचलण्याइतकंच वाईट. ब्रिटा याच माणसांत वाढली.

शाळेच्या शेवटच्या वर्षी कॉलेज निवडायची वेळ आली. ब्रिटाला संगीत नीट, पायापासून शिकायचं होतं. आणि म्युझिकल सोडायचं नव्हतं. सतराव्या वर्षी एक दार कायमचं लावून घ्यायचं, हे तिला पटत नव्हतं. मग तिनं जाड मार्करनं माझ्या आतल्या बाजूला, अगदी उघडल्याबरोबर दिसेल असा प्रश्न लिहिला : 'इथे संगीत शिकणाऱ्यांना म्युझिकलमध्ये काम करू देतात का?' प्रत्येक ठिकाणी हे विचारायचंच, असं तिनं ठरवलं.

पहिलं कॉलेज फार नावाजलेलं. गायनाचे प्राध्यापक डॉ. पेल्टियर यांनी तिला एक तास शिकवून पाहिलं. ब्रिटा पुठ्ठ्यापुढची गाणी इतकी सुरेख गायली की गृहस्थ खूश झाले. मग त्यांनी माझी पानं चाळली, निळ्या पुठ्ठ्याशी आले आणि फटकन माझी कडी उघडली. मागची सगळी गाणी काढून त्यांनी पियानोवर ठेवली.

"हे घरी ठेवून ये," ते हसून म्हणाले.

"बरं," ब्रिटा म्हणाली.

बरं! एवढा मोठा प्रश्न माझ्या अंगावर लिहिलेला, आणि ही म्हणते बरं! मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

गाडीत तिची आई, मार्लिस, वाट बघत होती.

"काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

"आणि तुझं ते नाटकाचं?"

"विचारता नाही आलं गं मॉम. ते इतकं चांगलं वागत होते."

"हो, मग बरं नाही दिसत," मार्लिस म्हणाली. मायलेकी एकाच साच्यातल्या.

मागची गाणी टेबलाच्या खणात गेली. मी अर्धी झाले. त्या कॉलेजनं ब्रिटाला प्रवेश दिला तेव्हा मार्लिसनं चर्चच्या तळघरात ही बातमी सगळ्यांना सांगितली. लोकांनी मिठ्या मारल्या. ब्रिटाही हसत होती, पण घरी आल्यावर तिनं मला उघडलं, निळ्या पुठ्ठ्यामागं बोटं फिरवली आणि मिटून टाकलं. त्या दिवशी तिच्यासाठी माझा जीव तुटला.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका कॉलेजात तिची प्रवेशासाठी गाण्याची चाचणी होती. हे लहान, फारसं नाव नसलेलं. तिथली रीत अशी, की गाणाऱ्यानं फाइल पियानोवाल्याच्या हाती द्यायची, कुठून सुरू करायचं ते दाखवायचं आणि लय हळूच गुणगुणून सांगायची. पियानोवर वेन्डेल नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला उघडलं आणि आतला प्रश्न वाचला. मग पुठ्ठ्यामागची रिकामी जागा पाहिली.

"मागचा संसार कुठं गेला?"

"घरी ठेवलाय."

"आणि हा प्रश्न? कुणाला विचारलास?"

"अजून... कुणालाच नाही."

"मग लिहिलास कशाला, शोभेला? गा आधी. नंतर विचार मला."

ती गायली. आणि नंतर तिनं खरंच विचारलं. कान लाल झाले होते, पण विचारलं.

"देतात," वेन्डेल म्हणाले. "नाटक विभागाची निवड सगळ्यांना खुली आहे. पण मी पडलो पियानोवाला, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. गायनाच्या बाईंना विचार. मुलांनाही विचार. ऑपेराची आणि म्युझिकलची तालीम एकाच वेळी आली तर काय होतं, ते विचार. खरी गोम तिथंच असते."

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर पोरगी थांबेना. बाई म्हणाल्या, मी दोन्ही गाणी शिकवते, पण पहिलं वर्ष पाया, तक्रार चालणार नाही. व्हरांड्यात एका मुलीला गाठून ब्रिटानं तालमींचं विचारलं. ती खळखळून हसली. "आधी रडायचं! मग दोन्ही विभागांच्या बाया एका टेबलाशी बसून वेळापत्रक जुळवतात. गेल्या वर्षी मी दोन्ही केलं. दमले, पण मेले नाही."

घरी येताच ब्रिटानं खण उघडला. सगळी गाणी माझ्या पोटात परत आली. कडी मिटताना झालेला तो आवाज मी विसरणार नाही.

लहान कॉलेजनंही प्रवेश दिला. उत्तर कळवायची शेवटची तारीख पहिली मे. मार्लिसला त्या मोठ्या नावाचा मोह सुटेना.

"त्यांनी नाही कुठं म्हटलंय? करूही देतील."

"खरंय मॉम. मी विचारलंच नाही." ब्रिटानं स्वयंपाकघरातच फोन लावला. मला उघडून समोर ठेवलं आणि प्रश्न जसाच्या तसा वाचला.

पलीकडे डॉ. पेल्टियर होते. "नाही," ते म्हणाले. "पहिली तीन वर्षं तर नाहीच. तू विचारलंस ते बरं केलंस. दरवर्षी कुणीतरी न विचारता येतं आणि ऑक्टोबरात माझ्या खोलीत रडत बसतं."

"थँक्यू. मग मी नाही येणार," ब्रिटा म्हणाली आणि फोन ठेवला. टेबलावरच्या ट्रेमध्ये एक लेमन बार उरला होता. तिनं तो अख्खा उचलला आणि तोंडात टाकला.

मार्लिस बघत राहिली. "हे जरा वेगळं आहे," ती म्हणाली. मग तिलाच हसू आलं.

याला तीन वर्षं झाली. ब्रिटा त्या लहान कॉलेजात आहे. माझं मधलं कडं आता नीट मिटत नाही, म्हणून ती मला केसांच्या रबरानं बांधते. ग्रीजचा वास गेला, कॉफीचे डाग आले. मी किती दिवस टिकेन, देव जाणे. पण एक सांगते, कुणी कितीही प्रेमानं तुमची कडी उघडायला आलं, तरी आधी विचारा.

गेल्या शनिवारी चाचणीसाठी आमच्याच भागातली एक मुलगी आली होती. तिला कॉलेज दाखवायचं काम ब्रिटाकडे होतं. मुलीच्या हातात नवीकोरी फाइल, आणि चेहऱ्यावर तेच ते आमचं गोड हसू.

"काही विचारायचंय?" ब्रिटानं विचारलं.

"नाही, नाही. सगळं छान आहे."

ब्रिटानं माझं रबर काढलं, मला उघडून तिच्यासमोर धरलं.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."