माझी कडी गंजू द्या

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, सशांचा. चंद्रपूरच्या एका लोहाराने मला घडवलं. माझी कडी इतकी घट्ट बसे की उघडणाऱ्याची बोटं सोलवटायची. प्रयोगशाळेत सगळे माझ्या मजबुतीचं कौतुक करत. मलाही त्याचा भारी तोरा होता.

नवं मलम आलं की ते आधी सशाच्या अंगावर लावून बघत, माणसाला अपाय नको म्हणून. सशांना नुसते नंबर असत. पण साफसफाई करणारी धुरपताबाई त्यांना वारावरून नावं द्यायची, जशी तिच्या गावात लेकरांना देत. बुधरू, शुकरू, सोमारी. घरून आणलेला पालक ती त्यांना भरवायची. त्या मऊ अंगांची ऊब मला अजून आठवते. त्यांना कोंडून ठेवणारा मीच होतो, हेही आठवतं आणि लाज वाटते.

मग यंत्र आलं. ताटलीतल्या बारीक खळग्यांत वाढवलेल्या पेशींवर ते औषधाचे थेंब आपोआप सोडतं आणि किती पेशी जगल्या ते सांगतं. हळूहळू ससे येईनासे झाले. माझ्यात एकटी सोमारी उरली.

एकदा गडचिरोलीहून करंजाच्या तेलाचं मलम तपासायला आलं. यंत्रात सगळ्या पेशी मेल्या. मलम ज्यात कालवतात ते मिठाचं पाणी नुसतं घातलेल्या, जगायलाच हव्या अशा पेशीसुद्धा मेल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख नानाजी सर वैतागले.

"यापेक्षा आपला ससाच बरा. काढा त्याले बाहेर," ते म्हणाले.

माझी कडी वाजली. सोमारी कोपऱ्यात दबून बसली.

धुरपताबाई दारातच उभी होती. तिची नोकरी कंत्राटी, तरी ती पुढे आली.

"सर, त्या पान्याची बाटली मी राखेनं घासली होती, घरच्या भांड्यावानी. मशीनची चूक नाई. मले कामावरून काढा, पन सोमारीले नोका काढू."

सरांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. बाटलीत राहिलेली थोडीशी राखही पेशी मारायला पुरते. नव्या बाटलीतल्या पाण्याने पुन्हा चाचणी झाली आणि पेशी जगल्या. बाईची नोकरी राहिली. सोमारी तिच्या पिशवीत बसून घरी गेली. त्या दिवसापासून मी रिकामा आहे.

आता मी मागच्या व्हरांड्यात पडून असतो. मित्रांनो, त्या यंत्राची धूळ पुसत जा, बाटल्या नीट धुवा, आणि चूक झालीच तर वेळेवर सांगून टाका. माझी डागडुजी मात्र करू नका. माझी कडी गंजली आहे, दार आता लागत नाही. ते तसंच राहू द्या.