तोतारामच्या सायकलचा चिमटा

पारोळ्याच्या उखर्डू मिस्तरीकडे झुंबरबाई आली ती डोक्यावर सायकलचा सांगाडा घेऊन. हातात गोणपाटाचं बोचकं होतं. दोन्ही दुकानाच्या फळीवर ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तेस्नी सायकल शे. तेवढी जित्ती करी द्या."

तेस्नी म्हणजे तोतारामची. तोताराम तिचा नवरा आणि उखर्डूचा जुना दोस्त. बारा वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, तो लेकीला, शेवंताला, आणायला धुळ्याला निघाला आणि वाटेतच गेला. ट्रकने उडवलं असं सगळं गाव म्हणालं. ट्रक मात्र कुणी पाहिला नव्हता.

आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही, घरातलं कुणीतरी मूळ होऊन तिला आणायला जावं लागतं. त्या साली शेवंताने निरोप धाडला होता की दुसऱ्या कुणाला पाठवू नका, बापानेच यावं. बाप निघाला आणि मेला. तेव्हापासून शेवंता आखाजीला आली नाही. चुलतभाऊ आणायला गेला की ती त्याला जेवू घालून परत पाठवी. मी हट्ट केला नसता तर बाप जिवंत असता, एवढंच ती म्हणे.

झुंबरबाईचा हिशेब साधा होता. लहानपणी शेवंता या सायकलच्या दांडीवर, बापाने बसवलेल्या लाकडी पाटीवर बसून शाळेत जायची. ती सायकल तिच्या दारात उभी राहिली तर तिचं मन वळेल.

उखर्डू कामाला लागला. गोठ्यात पडून खालच्या नळ्या सडल्या होत्या. तो धुळ्याच्या भंगारवाल्या भटूकडून जुन्या पद्धतीचे दोन सांगाडे घेऊन आला. भटू हसला. म्हणाला, "मिस्तरी, हाई हाडंस्ले आते गिधाडंबी इचारतस नही." उखर्डूने एकाचा मागचा भाग कापला, दुसऱ्याचं डोकं घेतलं, मधे तोतारामची दांडी आणि लाकडी पाटी तशीच ठेवली. सळईचे ब्रेक, मोठी घंटी, डायनामोचा दिवा, सगळं जुनं शोधून बसवलं. पितळ ओतून सांधे भरले आणि प्रत्येक सांधा आपोआप गार होईपर्यंत तो शेजारी बसून राहिला.

बोचकं त्याने आठ दिवस सोडलंच नव्हतं. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

शेवटी सोडलं. आत पुढचं चाक धरणारा चिमटा होता, वरच्या नळीपाशी तुटलेला. चिमट्याचे दोन्ही पाय सरळ होते. ट्रकने धडक दिली असती तर आधी पाय वाकले असते. नळी तुटली होती ती बरोबर सांध्यापाशी, आणि सांधा उखर्डूचा होता.

बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी तोताराम चिमटा जोडून घ्यायला दुकानात घाई करत उभा होता. लेक वाट पाहत असेल, ऊन चढतंय, आटप ना बाबा, असं चाललं होतं. उखर्डूने लालभडक सांधा बादलीत बुडवला. पाणी चरचरलं. तडा गेल्यासारखा बारीक टक् असा आवाज आला होता, तो त्याने ऐकला होता. तोताराम टांग मारून गेलासुद्धा.

बारा वर्षं तो गावाबरोबर ट्रकला शिव्या देत आला होता.

त्याने सायकलला दुसरा चिमटा बसवला. झुंबरबाईला सांगितलं की सायकल मी स्वतः पोचवतो. तुटका चिमटा गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला बांधला आणि पहाटे धुळ्याचा रस्ता धरला. वाटेत दोनदा उतरला. दोन्ही वेळा विहिरी दिसल्या, टाकून द्यावा असं वाटलं. टाकला नाही.

शेवंता अंगणात ज्वारीचे पापड, बिबड्या, वाळत घालत होती. दांडीवरची पाटी पाहून तिने हात पुसले, पाटीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. उखर्डूने चिमटा सोडून ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बादली सांगितली, आवाजही सांगितला.

तिने तुटकी कड बोटाने चाचपली. मग विचारलं, "आबा, हाई तुम्हले तवयच माहीत व्हतं का?"

"वहीम व्हता. दखाले गऊ नही."

"मी बारा वरीस सोताले बाप खानारी म्हनत ऱ्हायनू."

तिने आतून पाण्याचा तांब्या आणून उखर्डूपासून हातभर लांब ठेवला. तो प्यायला. तिने चिमटा उचलून घरात नेला आणि रिकाम्या हाताने परत आली.

"मायले सांगा, आखाजीले मी येसू. बसवर, एकली. मूळ नको. सायकल लई जा." मग ती म्हणाली, "आनि मी तठे असताना तुम्ही आमना दारशी येऊ नका."

ऊन कलता कलता तो पारोळ्यात शिरला. झुंबरबाई दुकानाच्या फळीवर वाट पाहत बसली होती. सायकल परत आलेली पाहून तिचा चेहरा उतरला.

"नही म्हने?"

"येसू म्हने," उखर्डू म्हणाला.

ती रडायला लागली, हसायलाही लागली, आणि पदराने सायकलची घंटी पुसू लागली. उखर्डूने सायकल भिंतीला टेकवली, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अक्का, अजून सांगानं शे."