प्रॅटसाहेबांच्या चरित्रातलं एक वाक्य

शशांक बापट योकोहामातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याचे मॅनेजर निशिदा-सान कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेले. त्या कॉलेजच्या क्लबला नव्वद वर्षं होत होती. क्लबचा पहिला कोच एल्मर प्रॅट. त्याच्यावर अमेरिकेतल्या त्याच्या गावच्या पेपरात छापून आलेला जुना लेख निशिदा-साननी शशांकला दिला. "यावरून जपानीत दहा मिनिटं बोलाल का? तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

प्रॅट तरुणपणी ओहायोतल्या छोट्या कॉलेजकडून हेल्मेटशिवाय खेळला, दोनदा नाक फोडून घेतलं, मग कोच होऊन योकोहामाला आला. शशांकने लेख मशीनकडून भाषांतरित करून घेतला. शेवटाकडे, सामन्यात ओगावा या खेळाडूचा पाय मोडला आणि प्रॅटने 'लेफ्ट द गेम', असं होतं. मशीनने लिहिलं, तो सामना सोडून निघून गेला. पुढचं न वाचताच, रंग भरायला शशांकने पदरचं वाक्य घातलं: "जखमी पोराकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही."

समारंभात ते वाक्य ऐकून सभागृह गप्प झालं. शशांक खूश झाला.

नंतर ऐंशीच्या घरातल्या एक बाई जवळ आल्या. "ओगावा माझे वडील. वळूनही पाहिलं नाही, हे लेखात आहे?"

"हो," शशांक म्हणाला.

"बाबा सांगायचे, कोचनी त्यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं. दर रविवारी भेटायला यायचे. म्हणजे बाबांनी माझी समजूत काढली असेल." त्या वाकून नमस्कार करून गेल्या.

घरी येऊन शशांकने मूळ लेख पहिल्यांदाच पूर्ण वाचला. पुढच्याच परिच्छेदात दवाखाना होता, रविवारही होते. 'लेफ्ट द गेम' म्हणजे त्या अपघातानंतर प्रॅटने खेळच कायमचा सोडला होता.

"मशीनने घोळ घातला," तो बायकोला म्हणाला.

"आणि 'हो' कोण म्हणालं?"

तो मूळ लेख पुढ्यात घेऊन स्वतः भाषांतर करायला बसला.

शनिवारी स्वतः केलेलं भाषांतर घेऊन तो बाईंच्या दारात उभा राहिला. "ते वाक्य माझं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो."

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं वाचलं. "मी रोज बाबांच्या फोटोसमोर बसते. हे सहा दिवस बसले नाही," त्या म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

त्याने समारंभाला आलेल्या सगळ्यांना पत्र लिहून चूक आपल्या नावावर घेतली.

"इतकं नको होतं, बापट-सान," निशिदा-सान म्हणाले. क्लबच्या कामाला त्यांनी त्याला परत बोलावलं नाही. शशांकला त्यात काही वावगं वाटलं नाही.