कपिलीची घंटी

शमुवेल पाटोळे माझा नगरच्या शाळेतला मित्र. मी अकोले तालुक्यात मास्तर झालो आणि तो मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा नव्हे. व्हायोलिनांच्या रांगा आणि लोकांकडे पाठ करून हातवारे करणारा एक साहेब, तसला. शमुवेल त्यात सगळ्यात मागे उभा असायचा. मोठे नगारे दुसऱ्याकडे होते, उरलंसुरलं याच्या वाट्याला. कधी लोहाराची ऐरण, कधी साखळदंड, कधी एकमेकांवर घासायचे काचपेपरचे ठोकळे. एकदा तर अख्ख्या कार्यक्रमात त्यानं लाकडी पेटीवर हातोड्याचे तीन घाव घातले आणि त्यासाठी महिनाभर तालीम केली. "याचा पगार देतात?" मी विचारलं होतं. त्याला राग आला नाही. त्याला राग कधीच यायचा नाही, हीच त्याच्याशी मैत्री करण्यातली पंचाईत.

एकाहत्तरच्या भाद्रपदात तो माझ्याकडे आला तो गाईच्या गळ्यातली घंटी शोधत. युरोपातल्या कुणा संगीतकारानं आपल्या सिंफनीत डोंगरावर चरणाऱ्या गाई घातल्या होत्या. शमुवेलनं घोडेगावच्या गुरांच्या बाजारातून डझनभर घंट्या नेल्या. त्या ऐकून साहेब म्हणाले, "ह्या गाई नाहीत, ही शाळेची घंटा आहे." तीन तालमींत तीनदा म्हणाले. घंट्याच वाईट निघाल्या, असं शमुवेलचं ठाम मत झालं होतं.

मी त्याला भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका गावात नेलं. तिकडं त्या दिवसांत धुकं असं उतरतं की हाताच्या अंतरावरचं ढोर दिसत नाही. म्हणून कळपात एकाच गाईला घंटी बांधतात. बाकीची गुरं तिच्या आवाजामागं चरतात आणि त्याच आवाजामागं घरी येतात. त्या गावात ती गाय कपिली. सहा घरांची मिळून अकरा गुरं बनुबाई राखायची. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती, गुरं ओढ्यावर बसली होती आणि बनुबाई भाकरी खायला घरी गेली होती. तिचा नवरा छगन तिथं होता. त्यानं कपिलीच्या गळ्यातली घंटी काढून शमुवेलच्या हातात दिली. शमुवेलनं ती हलवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हीच."

"गाईला नको का?" मी विचारलं.

"एका दिसानं काय हुतंय गुरुजी? आनू की बाजारातनं दुसरी," छगन म्हणाला. सौदा झाला.

आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो. पाचच्या सुमाराला बनुबाई धावत आली. मागून छगन, मान खाली घालून.

"घंटी तुमीच घेतली ना? गुरं पांगली धुक्यात. खाली घळीत बिबट्या हाय. समद्या गावाची ढोरं हायेत ती. आता कोनाला काय तोंड दावू मी?"

शमुवेल उठलाच. "ताई, मी वाजवतो. माझं कामच ते आहे."

बनुबाईनं त्याला खालच्या वाटेनं घळीकडे धाडलं. आपण वरच्या अंगाला राहिली, म्हणजे येईल ते ढोर गावाकडे वळवता येईल. मी दोघांच्या मधे उभा राहिलो, म्हणजे काहीच केलं नाही. खालून घंटी ऐकू आली. टण टण, टण टण, अगदी मापात. धुक्यात एक कालवड हंबरली आणि गप्प झाली.

"आरं ए बाबा!" बनुबाई वरून ओरडली. "आरती चाललीय का? गाय अशी मोजून चरती व्हय? चार घास खाती, मान झाडती, मग हुबी ऱ्हाती. ती हुबी, तर घंटी बी गप!"

शमुवेलनं बूट काढले, घंटी गळ्यात बांधली आणि इस्त्रीच्या पँटीत, हातापायांवर, चिखलात उतरला. मी मोठ्यानं हसलो. "मुंबईला तार करू का?" असंही ओरडलो. मग तो दिसेनासा झाला.

एक ठोका आला. मग काही नाही. मग तीन, घाईघाईत, मानेवर माशी बसल्यासारखे. मग इतका वेळ शांतता, की हा घळीत पडला असं मला वाटलं. मी हाक मारणार, तोच बनुबाई दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा गुरुजी. चरतोय त्यो."

कालवड आली. तिच्यामागं दोन बैल. मग एकेक करत दहा झाली. तेवढ्यात घळीतून वानरं ओरडायला लागली. बिबट्या दिसला की ती तशी ओरडतात, हे तिकडं पोरालाही ठाऊक असतं. "शमुवेल, वर ये!" मी ओरडलोच. घंटी थांबली. मग पुन्हा वाजली, पहिल्यापेक्षा खालून. कपिली अजून आली नव्हती ना.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी धुक्यातून चिखलानं भरलेला शमुवेल रांगत वर आला आणि त्याच्या मागं कपिली. ती त्याच्या गळ्याशी नाक नेऊन हुंगत होती आणि मधूनच त्याला शिंगानं ढोसत होती. बनुबाईनं घंटी त्याच्या गळ्यातून सोडली आणि गाईच्या गळ्यात बांधली.

"उद्या दुपारी परत काढून देतो की," छगन हळूच म्हणाला. बनुबाईनं घंटीच्या दोरीला आणखी एक गाठ मारली.

"नको, घोडेगावच्याच चालतील," शमुवेल म्हणाला. "मी वाजवत होतो हेच विसरलो होतो रे. ती येते की नाही, एवढंच डोक्यात होतं."

बनुबाईनं त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घंटी काय मिळायची न्हाई," ती म्हणाली. "पन गुरं राखाया मानूस पायजेल आमाला. येतो का?"

तीन तालमी शिव्या खाल्लेला तो माणूस चिखलात बसून रडायला लागला. मी वीस वर्षं मास्तरकी केली, मला कुणी असं कामाला बोलावलं नाही. त्या संध्याकाळी मला शमुवेलचा फार हेवा वाटला.