सोळा मात्रांचं आमेन

शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी ती बाई चर्चमध्येसुद्धा सगळ्यांची काजवालीच होती. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या बटणांची सोय लावली आणि त्यातली वीस वर्षं ती दर रविवारी गायकमंडळात खालच्या आवाजात गायली. त्या शनिवारी दुपारी गाण्यांची वही पिशवीत घालून ती निघाली, ती वही परत करायला. एकदाची देऊन टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिची एकोणीस वर्षांची लेक गेली होती. वर्षभर आजारपण आणि वर्षभर प्रार्थना. गुडघ्यांना घट्टे पडले, पण देवाने ऐकलं नाही ते नाहीच. पोरीला मातीत ठेवलं त्या दिवसापासून काजवालीने देवाशी अबोला धरला. नवऱ्याशीही ती अधूनमधून धरायची, पण तो फार तर दोन दिवस टिकायचा, कारण मीठ कुठे ठेवलंय हे त्याला कधीच ठाऊक नसे. देवाला काही विचारायला यावं लागत नाही. त्यामुळे हा अबोला लांबत गेला आणि आता तिची इच्छा असूनही तो सुटेना.

आणि तिची खरी भीती पुढेच होती. लेक देवाच्याच घरी गेली आहे, यावर तिचा अजून विश्वास होता, रागासकट होता. मग त्या घराशी बोलणंच तुटलं, तर पोरीशी आता बोलायचं तरी कुठून? कितीदा ती पलंगाच्या कडेशी हात जोडून बसली. तोंड उघडायची आणि आत नुसती हवा असायची. शेवटी तिने ठरवलं की तुटलंय ते तुटलं. उगाच रविवारी उभं राहून ओठ कशाला हलवायचे?

एरवीही आठ महिने ती झोपेत चालल्यासारखीच चालत होती. कारखान्यातली मशिनं तिला पलीकडच्या गल्लीत कुठेतरी चालल्यासारखी ऐकू यायची. रस्त्यावरची माणसं पाण्यातून यावीत तशी सावकाश समोर यायची, काहीतरी बोलायची आणि सावकाश निघून जायची. आजही ती दोन वळणं चुकून, आपण कुठे निघालोय हे विसरून, पुन्हा आठवून, चर्चमागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन खोलीत उतरलं होतं आणि त्यात धूळ इतकी संथ तरंगत होती की तिला तिथेच टेकून डोळे मिटावेसे वाटले. शनिवारच्या तालमीला मंडळ जमलं होतं आणि पियानोपाशी गायकमंडळाचे मास्तर बसले होते. टपालखात्यातून निवृत्त झालेला हा माणूस गाण्याच्या बाबतीत भलताच खडूस होता. "चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत येतं, सूर येत नाही," असं ते दर शनिवारी ऐकवायचे.

"मास्तर, वही द्यायला आले होते," ती म्हणाली.

मास्तरांनी वही घेतली, उघडली, शेवटच्या गीताचं पान काढलं आणि तिच्याच हातात परत ठेवली. "देण्याघेण्याचं नंतर बघू. खालच्या आवाजात आज बेकरीवाली एकटी आहे. बाकीच्या दोघी खोकतायत. उभ्या राहा बाई, एवढं एकच."

मास्तरांना नाही म्हणायला अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता. ती जाऊन बेकरीवालीच्या डाव्या हाताला उभी राहिली. वीस वर्षं तीच तिची जागा होती. बेकरीवालीने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त अर्धं पाऊल सरकून जागा केली. तिच्या अंगाला भाजलेल्या पिठाचा वास येत होता.

त्या गीताच्या शेवटी सोळा मात्रांचं आमेन होतं. एवढा लांब सूर एका दमात कुणालाच जमत नाही. म्हणून मंडळात एक पद्धत होती. श्वास घ्यायचा, पण शेजारणीबरोबर घ्यायचा नाही. जिला दम लागेल तिने शेजारणीला कोपराने हलकेच ढोसायचं, म्हणजे "मी घेते, तू धर." ढोसणारीने निवांत श्वास घ्यायचा, परत यायचं, मग दुसरीने घ्यायचा. ऐकणाऱ्याला आमेन अखंडच वाटतं. या दोघींचं कोपरांचं बोलणं तर इतकं मुरलेलं होतं की त्यांना ते कळतही नसे.

आमेन सुरू झालं. काजवालीने तोंड उघडलं आणि नेहमीसारखी नुसती हवा आली. सवयीने तिचं कोपर गेलं. बेकरीवालीने धरलं. काजवालीने श्वास घेतला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. पुन्हा कोपर गेलं. असं चार वेळा झालं. सोळावी मात्रा आली तेव्हा बेकरीवाली टोमॅटोसारखी लाल झाली होती आणि खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"पाणी पिऊन घ्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मुद्दामच पियानोत डोकं घातलं.

"चुकलं गं माझं," काजवाली कुजबुजली. "मी एकही सूर लावला नाही आणि तुला मात्र ढोसत राहिले. तुला श्वासच घेऊ दिला नाही."

"आता मेलेच असते," बेकरीवाली धापा टाकत म्हणाली. मग पाण्याचा घोट घेऊन सावकाश म्हणाली, "पण मला त्याची सवय झालीये. आठ महिने तेच चाललंय की."

"काय चाललंय?"

"मातीच्या दिवशी कबरीपाशी तू मला कोपर मारलंस. आठवत नसेल तुला. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली आणि आमेनच्या वेळी तुझं कोपर आलं. मला कळलं, हिचा दम संपला. तेव्हापासून धरलंय. रोज पहाटे भट्टी पेटवताना तुझ्या जागी मी बोलते त्याच्याशी."

"काय बोलतेस?"

"तू बोलशील तेच. तिचा राग गेलेला नाही, असं सांगते. तुझ्या नावाने भांडतेसुद्धा. परवा जरा जास्तच बोलले, मग माझ्या वतीने माफी मागितली, तुझ्या वतीने नाही. आणि पोरीला तुझी आठवण सांगायला सांगते. एक दिवस चुकवला नाही. भट्टी बंद असते त्या दिवशीही नाही."

खोलीतलं ऊन तेवढंच होतं, धूळ तशीच तरंगत होती, पण काजवालीला एकदम सगळं जवळ आल्यासारखं वाटलं. तुटलं नव्हतं तर. ती श्वास घ्यायला थांबली होती, फार लांब श्वास, आणि तिकडे ऐकणाऱ्याला तो खंड वाटलाच नव्हता. तिला रडू आलं. रडताना बरं वाटलं, हे आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"पुन्हा एकदा, आमेनपासून," मास्तर म्हणाले.

या वेळी तिसऱ्याच मात्रेला बेकरीवालीचं कोपर आलं. चांगलं जोरात आलं आणि लगेच बाई गप्पच झाली. काजवाली गडबडली. खालचा आवाज आता कुणाकडेच नव्हता. काही ठरवायच्या आत तिच्या छातीतून सूर निघाला, जुना, थोडा खरखरीत. तो तिने लावला असं तिला वाटलं नाही. तो आधीपासून तिथे होता आणि ती फक्त त्यात येऊन उभी राहिली, असं वाटलं. सूर तिला धरून होता आणि ती त्यात तरंगत होती, खिडकीतल्या उजेडात, अगदी हलकी होऊन. कुणीतरी अगदी जवळून ऐकतंय, हे तिला इतकं स्पष्ट जाणवलं की तिने डोळे उघडले नाहीत.

तालीम संपली. माणसं खुर्च्या सरकवत, बोलत बाहेर गेली. बेकरीवाली दारात थांबून राहिली, आत आली नाही.

काजवाली खुर्चीत बसली आणि तिने हात जोडले. माफ कर म्हणायचं तिच्या मनात आलं नाही, मी तुला माफ केलं असंही आलं नाही. घरातल्या माणसाला सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "झोपेत पोरीचे पाय पांघरुणाबाहेर येतात. तेवढं बघत जा."