कार्डावरचं एकशेवीस-ऐंशी

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र बोलतोय. पत्र्याची पेटी, काचेची उभी नळी, नळीत पारा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. आज मला तुमच्याशी गोडगोड बोलायचं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि तो का झाला, ते तुम्ही ऐकायलाच हवं.

मला घडवणारा कारागीर मोठा काटेकोर. नळीवरची एकेक रेघ त्याने भिंग लावून आखली. पेटी बंद करताना तो म्हणाला, "थापा मारू नकोस हं. तुझ्या एका थापेने कुणाचा तरी जीव जाईल." मी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे मी बायकांच्या दवाखान्यात आलो. तिथे दर बुधवारी गरोदर बायकांची तपासणी असे. "पाठ टेका, पाय जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटं नवऱ्याचा विषय काढू नका," असं म्हणून मोठ्या सिस्टर पट्टा बांधत. सातवा महिना सरला की त्या प्रत्येकीला बजावत, "आता जिना चढताना धाप लागेल. छातीत जळजळेल, लघवीला सारखं जावं लागेल. पोट मधेच कडक होऊन पुन्हा सैल पडेल. कुशीवर झोपा, घाबरू नका. पण बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंड-हात सुजले, तर बुधवारची वाट बघत बसायचं नाही. तडक निघून यायचं." बायका हसत माझ्या पट्ट्यात हात घालत. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या सिस्टरना बायका 'घाईच्या सिस्टर' म्हणत. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण सत्तर बायका, हात दोनच आणि एक वाजता दार बंद. मग त्यांनी एक युक्ती काढली. तपासणीला आलेली बाई बाकावरून उठून टेबलापर्यंत पोचायच्या आत तिच्या कार्डावर आकडा पडलेला असे. एकशेवीस-ऐंशी. जाडीला तेच, बारकीला तेच, सहाव्या महिन्यातलीला तेच आणि नवव्यातलीलाही तेच! याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. आणि मी कुठे होतो, ठाऊक आहे? पंख्याच्या वाऱ्याने कार्डं उडू नयेत म्हणून मला त्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं. माझ्याच बुडाखाली माझ्या नावाने थापा जमत होत्या. सांगा, कुणाला राग येणार नाही?

एका बुधवारी कपडे शिवणारी एक बाई सासूबरोबर आली. आठवा संपत आलेला. बाकावर बसल्या बसल्या ती कपाळ दाबत म्हणाली, "आई, परवापासून डोकं नुसतं ठणकतंय. आणि हे बघा, शिवताना बोटात घालते ते अंगुस्तानसुद्धा आज बोटात जाईना."

"अगं, या दिवसांत सूज येतेच," सासू म्हणाली. "मला तर चपला बसत नव्हत्या. सासऱ्यांच्या घालून फिरत होते मी."

शिंपीणबाईचा नंबर आला. ती टेबलाशी पोचली तेव्हा आकडा लिहून झाला होता.

"सिस्टर, हा आकडा कुठून आला?"

"मागच्या वेळी तोच होता ना तुझा?"

"मागच्या वेळचं माप धरून मी झगा बेतला, तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल," ती म्हणाली. "आणि पोटुशी बाई असली तर माप दर आठवड्याला बदलतं. आधी मोजा, मग लिहा."

"मागे रांग बघ केवढी आहे!"

"असू दे. मी हलणार नाही." तिने बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. सासू गोरीमोरी झाली. सिस्टरनी फणकाऱ्याने मला गठ्ठ्यावरून उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि पट्टा बांधला.

मित्रांनो, तेव्हा माझाच जीव टांगणीला लागला. माझं कापड उसवलेलं, रबर जुनं. इतक्या महिन्यांनी मला खरं बोलता येईल का? सिस्टरनी फुगा दाबला. पारा चढला, मग हळूहळू उतरू लागला आणि सिस्टरचा चेहराही उतरला. एकशेसत्तर-एकशेदहा. त्यांनी काही मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेच.

"डॉक्टर!" सिस्टर ओरडल्या. धावपळ झाली, इंजेक्शन दिलं, गाडी आली आणि शिंपीणबाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. सासू गाडीत चढताना एवढंच म्हणत होती, "मला वाटलं, सूज येतेच."

सिस्टरनी गठ्ठ्यातली एकशेवीस-ऐंशीची कार्डं चाळली. मग फाटकापर्यंत पळाल्या आणि न मोजताच निघालेल्या जेवढ्या बायका सापडल्या तेवढ्यांना परत आणलं. त्या दिवशी त्यांनी एक वाजता दार बंद केलं नाही. प्रत्येक हाताला माझा पट्टा लागला.

दीड महिन्याने शिंपीणबाई मुलगी घेऊन आली. पोर मुठीएवढी, पण आवाज खणखणीत. शिंपीणबाईने माझ्या पट्ट्याला नवं कापड शिवून दिलं, अगदी माप घेऊन. सगळे म्हणाले, जुनं यंत्र किती गुणी! या कौतुकाने मी खूश होईन असं त्यांना वाटलं. मुळीच नाही! मी तेव्हाही गुणी होतो, पण तुम्ही मला कार्डांवर दगडासारखं ठेवलं होतं. म्हणून सांगतो, तुमच्या आईची, मावशीची, ताईची तपासणी असेल तेव्हा सोबत जा. पट्टा न बांधता कुणी आकडा लिहिला, तर न लाजता म्हणा, "आधी मोजा." नाहीतर ये रे माझ्या मागल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या बुधवारी दोघीजणी फाटकातून निघून गेल्या होत्या. संध्याकाळी सिस्टर मला पिशवीत घालून त्यांच्या घरी गेल्या. एकीचा दाब ठीक निघाला. दुसरीच्या दाराला कुलूप होतं. सिस्टर आणखी तीनदा जाऊन आल्या, पण कुलूप तसंच होतं. तिचं कार्ड अजून टेबलाच्या खणात आहे आणि त्यावर एकशेवीस-ऐंशी लिहिलेलं आहे. तो आकडा माझा नाही.