पाल्हाळ

जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिने मावशीच्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित समोर ओढलं आणि पेन्सिलीला टोक काढलं. पहिलं प्रकरण संपलं, दुसरं संपलं. कागदावर एकही खूण पडली नाही. सगळं कसं चोख, मोजकं, जिथल्या तिथे.

समोर मावशी मटार सोलत बसली होती. एरवी गप्प बसणं तिला जमत नसे. आज मात्र निकालाची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी ती भाचीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काही काढायचं नाही ना?"

"नाही. काहीच नाही."

"बघ!" मावशी खुशीत आली. "म्हटलं, बबी, या वेळी तुला त्रास द्यायचा नाही. नमनाला घडाभर तेल नकोच."

प्रकाशनसंस्थेतली नोकरी सोडून भाचीने घरूनच कथा-कादंबऱ्यांचं संपादन करायचं ठरवलं, तेव्हा तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. पहिलं हस्तलिखित विश्वासाने हाती दिलं ते मावशीनेच. मावशीचा जन्म प्रसूतिगृहात परिचारिकेचं काम करण्यात गेलेला. बोलायची तसंच तिने लिहिलं होतं. एका बाळंतिणीची गोष्ट सांगता सांगता तिच्या सासूचा दमा, दम्यावरून दवाखान्यातलं मांजर, मांजरावरून भांडणारे दोन डॉक्टर, आणि वाचणारा हसत असतानाच अचानक ती बाळंतीण परत, रिकाम्या पाळण्याशी बसलेली.

भाचीला तेव्हा आपलं नाणं खणखणीत आहे हे दाखवायचं होतं. तिने कात्री चालवली. दमा गेला, डॉक्टर गेले.

"मांजर तरी ठेव की गं," मावशी एकदाच म्हणाली होती.

"गोष्टीला त्याचा काय उपयोग?"

मावशीने मान डोलावली. शिकलेली भाची, तिला जास्त कळणार.

कादंबरीचं कौतुक झालं, त्याहून जास्त संपादनाचं. मग लोक विचारत घरी येऊ लागले. आता तर नवे लेखक तिला वेळ मिळेपर्यंत थांबून राहत.

तिने तिसरं प्रकरण उघडलं. यातही प्रसूतिगृह होतं, पण इथल्या बायका कमी बोलत, खिडकीबाहेर बघत आणि प्रकरण संपता संपता गप्प होत. या बायकांना ती चांगली ओळखत होती. कितीतरी जणांच्या कादंबऱ्यांत तिनेच त्यांना गप्प केलं होतं.

"पहिल्या कादंबरीचा मूळ खर्डा आहे का गं तुझ्याकडे?"

"तो? रद्दीत गेला की. तूच म्हणालीस, आता त्याचं काही काम नाही." मावशीच्या आवाजात तक्रार नव्हती.

तिने कागद मिटून बाजूला ठेवले.

"मावशी, तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचं सांग ना. नुसतं सांग. लहानपणी सांगायचीस तसं."

"अगंबाई, आज काय हे!" मावशीने शेंग तशीच हातात धरली. "त्या दिवशी वाटेतच माझी चप्पल तुटली. माझी कसली, तुझ्या आईची! हिरवी, नवीकोरी. न विचारता घातलेली. आणि तुझी आई म्हणजे..."

भाची पुढे झुकली. आई गेल्यानंतर तिच्याबद्दल असं बोलणारं मावशीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मावशी थांबली. कपाळाला आठी घालून तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं.

"नाही, चप्पल नको. तिचा पुढे संबंध येत नाही." घसा साफ करून ती सावकाश म्हणाली, "सकाळी एक बाई आली. संध्याकाळी ती एकटीच घरी गेली. मी दार लावून घेतलं." मग तिने आशेने वर पाहिलं. "असं बरंय ना?"

"चपलेचं सांग ना, मावशी. आई काय म्हणाली?"

"राहू दे गं," मावशीने शेंग सोलून दाणे वाडग्यात टाकले. "ते आता माझं मलाच लांबण वाटतं."